जॅमा बोर्ड घरी चालवताना आवाज का जातो, घरघर का येते आणि ॲम्प्लिफायर का जळतो

चित्र स्वच्छ आहे, बटणं चालतात, पण आवाजच नाही. किंवा आवाज आहे, पण मागे सतत घरघर. किंवा खेळात मोठा स्फोट झाला की बोर्ड रिसेट होतो. किंवा बोर्डवरची ॲम्प्लिफायर चिप बदलली, चार दिवस चालली आणि पुन्हा गेली. घरी जोडलेल्या आर्केड बोर्डांच्या (व्हिडिओ गेम पार्लरच्या यंत्रांतल्या सर्किट बोर्डांच्या) बाबतीत याच चार तक्रारी फिरून फिरून येतात, आणि बरेच जण थेट बोर्डवर सोल्डरिंग आयर्न टेकवतात. तसं करू नका. तीस-पस्तीस वर्षं जुना बोर्ड, त्यातल्या कित्येक चिपा आता कुणी बनवत नाही. त्याला हात लावण्याआधी वीजपुरवठा आणि वायरिंग तपासायचं. या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बोर्डच्या बाहेर असतं आणि बाहेरचं काम एका संध्याकाळी होण्यासारखं आहे.

इथे धरून चाललोय की तुमच्याकडे जॅमा जोडणीचा बोर्ड आहे, बाहेरून एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी व्होल्ट देणारा पुरवठा) लावलाय आणि आवाज स्पीकरवर किंवा टीव्हीवर घ्यायचाय.

कुठल्या पिनवर काय

जॅमा हे नाव जपानमधल्या आर्केड यंत्र उत्पादकांच्या संघटनेचं आणि ही जोडणी १९८५ सालची. बोर्डच्या कडेला ५६ संपर्क असतात, प्रत्येक बाजूला २८, दोन संपर्कांतलं अंतर ३.९६ मिमी. चिपा दिसतात त्या बाजूला १ ते २८ आकडे. सोल्डरच्या बाजूला मोठा ए ते झेड (त्यात जी, आय, ओ, क्यू वगळलेले) आणि मग लहान ए ते लहान एफ. आपल्या कामाच्या पिना एवढ्याच:

- ग्राउंड: १, २, २७, २८ आणि ए, बी, लहान ई, लहान एफ
- +५ व्होल्ट: ३, ४, सी, डी
- −५ व्होल्ट: ५, ई
- +१२ व्होल्ट: ६, एफ
- खाच: ७, एच
- स्पीकर प्लस: १०
- स्पीकर मायनस: एल

खाचेत प्लॅस्टिकची चकती बसवलेलीच हवी. ती नसेल तर कनेक्टर उलटा बसू शकतो. उलटा बसला की ग्राउंडसमोर ग्राउंड येतं, त्यामुळे शॉर्ट होऊन पुरवठा बंद पडेल या भरवशावर राहता येत नाही. मात्र १२ व्होल्ट थेट दुसऱ्या खेळाडूच्या एका बटणाच्या लाइनवर जातात आणि तिथली इनपुट चिप संपते. चकती मिळाली नाही तर ७ आणि एचच्या जागी एपॉक्सीने प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवा, पण कनेक्टर तसाच वापरू नका.

चित्र आहे, आवाज नाही

खेळाचा सगळा मेंदू ५ व्होल्टवर चालतो. १२ व्होल्ट मुख्यतः जातात ते आवाजाच्या ॲम्प्लिफायरला, आणि थोडे नाणेमोजणीच्या काउंटरला. म्हणून १२ व्होल्टची एक वायर निघाली तरी खेळ झकास चालत राहतो आणि आवाज मात्र पूर्ण बंद. यावरून लोक समजतात की बोर्ड गेला.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बोर्डवरच्या ग्राउंडला, लाल प्रोब पिन ६ च्या तांब्याच्या पट्टीवर. कनेक्टरच्या मागच्या टॅगवर नाही, बोर्डवरच. टॅगवर १२ आणि पट्टीवर शून्य असं होतं, कारण जुन्या कनेक्टरातली स्प्रिंग सैल पडलेली असते किंवा पट्टीवर काळपट थर बसलेला असतो. पट्टी पांढऱ्या मऊ खोडरबराने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पॉलिश पेपर लावू नका. वरचा सोन्याचा किंवा कथलाचा पातळ थर एकदा गेला की खालचं तांबं महिन्याभरात पुन्हा काळं पडतं आणि तक्रार परत येते.

१२ व्होल्ट नीट असतील तर बोर्डवरचा आवाजाचा छोटा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रोध) बघा. हे पॉट वर्षानुवर्षं एकाच जागी राहून मेलेले असतात. वीज बंद करून काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, आणि पॉट दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. खेळाच्या सेटिंगमध्ये 'डेमो साउंड' बंद असेल तर नाणं टाकेपर्यंत आवाज येत नाही, हेही आधी पाहून घ्या. टेस्ट मेनूतल्या साउंड टेस्टवरून खात्री होते.

५ व्होल्ट मोजायचे कुठे

एसएमपीएसच्या टर्मिनलवर ५.०० दिसणं निरुपयोगी आहे. बोर्डवर, कनेक्टरपासून सर्वांत लांबच्या साध्या ७४ मालिकेतल्या चिपवर मोजा. १४ पायांची असेल तर ७ वर ग्राउंड आणि १४ वर ५ व्होल्ट. १६ पायांची असेल तर ८ आणि १६. २० पायांची असेल तर १० आणि २०. खेळ चालू असताना तिथे ४.९५ ते ५.१० दिसायला हवेत. या चिपांची हद्द ४.७५ ते ५.२५ आहे, पण ४.८० वर सेट करून समाधान मानू नका, कारण आवाजाच्या धक्क्यात ते अजून खाली जातं.

व्होल्ट पडतात वायरीत, आणि किती पडतात याचा हिशोब सोपा आहे. ०.५ स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे जवळजवळ ०.०३९ ओहम रोध असतो. एक मीटर जायला, एक मीटर यायला, बोर्ड ३ अँपिअर ओढतोय: ०.०७८ गुणिले ३ म्हणजे ०.२३ व्होल्ट वायरीतच गेले. पुरवठ्यावर ५.००, बोर्डवर ४.७७. आता हेच अंतर अर्ध्या मीटरवर आणलं, चारही पाच-व्होल्ट पिनांना स्वतंत्र ०.७५ स्क्वेअरची वायर दिली आणि ग्राउंडलाही निदान चार तशाच वायरी दिल्या, तर नुकसान ०.०२ व्होल्टवर येतं. पॉटने ५ व्होल्ट वाढवत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं. वाढवलेल्या पॉटचा धोका असा की बोर्ड काढून दुसरा, कमी वीज ओढणारा बोर्ड लावला की त्याला ५.३० वगैरे मिळतात.

तयार मिळणाऱ्या स्वस्त हार्नेसमध्ये (कनेक्टरला जोडलेल्या वायरींच्या जुडग्यात) चार पिनांपैकी एकीलाच वायर असते आणि बाकीच्या तीन पिना मागून बारीक तारेच्या तुकड्यांनी जोडलेल्या असतात. ती एक पिन तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं, स्प्रिंग सैल होते, रोध वाढतो, अजून तापते. आठवड्या-आठवड्याने 'आपोआप' येणाऱ्या दोषाचं हे फार मोठं कारण आहे. हार्नेस विकत घेतला तरी कनेक्टर उलटा करून मागची बाजू बघाच. ३.९६ मिमीचा कनेक्टर, टिन केलेली वायर आणि हीट श्रिंक मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधा. आर्केडचा कनेक्टर म्हणून मागू नका, '३.९६ पिचचा ५६ पिनी एज कनेक्टर' असं सांगा.

कुठला पुरवठा

आर्केडसाठीचा एसएमपीएस म्हणून जो मिळतो त्यावर +५, +१२ आणि −५ असे तिन्ही असतात आणि ५ व्होल्टसाठी पॉट असतो. त्याच्या बाजूला ११०/२२० चा स्विच असतो तो सर्वांत आधी बघा. जपानी कॅबिनेटमधून काढलेला पुरवठा १०० व्होल्टचा असतो, त्याला असा स्विच असेलच असं नाही. आपल्या २३० व्होल्टला तो लावला की तिथेच संपला. मीन वेलचा आरटी-६५ए हाही +५, +१२, −५ देणारा बंद पेटीतला चांगला पर्याय आहे. त्याच मालिकेतला 'बी' घेऊ नका, त्याच्यावर −५ नसून −१२ असतात.

संगणकाचा जुना एटीएक्स पुरवठा घरी पडलेला असतो म्हणून तो लावला जातो. हिरवी वायर काळ्याला जोडली की चालू होतो. पण त्याच्या दोन अडचणी. पहिली, ५ व्होल्ट वरखाली करता येत नाहीत, म्हणून वायरी आखूड आणि जाड असणं अधिकच गरजेचं. दुसरी, जुन्या पुरवठ्यांत ५ आणि १२ यांचं नियमन एकत्र होतं. आपला भार जवळजवळ सगळा ५ व्होल्टवर आणि १२ वर फक्त ॲम्प्लिफायर, त्यामुळे ५ खाली दबतात आणि १२ वर चढतात. ५ वर ४.८ आणि १२ वर १२.८ असं काही दिसलं तर हेच झालंय. १२ व्होल्टवर २२ ओहम, २० वॅटचा रोध कायमचा लावा. अर्ध्या अँपिअरचा भार मिळतो आणि दोन्ही आकडे जागेवर येतात. रोध साडेसहा वॅट उष्णता टाकतो, म्हणून तो लाकडाला टेकू देऊ नका.

स्पीकर मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे

हा भाग नीट वाचा, कारण पुन्हा पुन्हा जळणाऱ्या चिपांचं उत्तर इथे आहे.

बोर्डवरचे ॲम्प्लिफायर दोन जातींचे असतात. एका जातीत, उदाहरणार्थ टीडीए२००३ ही चिप, आउटपुट एका मोठ्या कपॅसिटरमधून पिन १० वर येतो आणि एल पिन सरळ ग्राउंडला जोडलेली असते. दुसरी जात ब्रिज जोडणीची, बीटीएल. फुजित्सूची एमबी३७३० ही तशी चिप. तिच्यात स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरच चालवतो. दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या हिशोबाने पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट उभे असतात, आणि एक टोक वर जाताना दुसरं खाली जातं. अशा बोर्डची एल पिन ग्राउंडला टेकवली म्हणजे ॲम्प्लिफायरचा अर्धा भाग शॉर्ट केला. चिप तापते, काही चिपा स्वतःला वाचवून आवाज बंद करतात, बाकीच्या जळतात.

आणि एल ग्राउंडला टेकते कशी? तीन मार्गांनी. हार्नेस बनवणाऱ्याने 'मायनस म्हणजे ग्राउंड' समजून ती आधीच जोडलेली असते. किंवा स्पीकर पिनांतून टीव्हीच्या आरसीएला थेट वायर नेली जाते. आरसीएचं बाहेरचं कडं टीव्हीच्या ग्राउंडला आणि टीव्हीचं ग्राउंड व्हिडिओ केबलमधून बोर्डच्या ग्राउंडला. किंवा स्पीकरचं टर्मिनल पेटीच्या धातूच्या पत्र्याला लागतं.

नवा बोर्ड आला की ही तपासणी करूनच त्याला आवाज जोडा:

१. बोर्ड मोकळा, वीज नाही. मीटर ओहमवर, एक प्रोब एल पट्टीवर, दुसरी पिन १ वर. अर्ध्या-एक ओहमच्या आत आलं तर एल ग्राउंडला आहे, साधी जात.

२. त्याहून जास्त आलं तर १० आणि एल यांच्यामध्ये ८ ओहमचा स्पीकर लावा, दुसरं काहीही नाही, आणि बोर्ड चालू करा. ग्राउंडपासून १० वर डीसी मोजा, मग एलवर. दोन्हीकडे ६ च्या आसपास दिसले तर बीटीएल.

३. आता १० आणि एल यांच्यामधलं डीसी मोजा. दहा-वीस, फार तर पन्नास-साठ मिलिव्होल्ट चालतील. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर स्पीकर लगेच काढा. साध्या जातीत याचा अर्थ आउटपुट कपॅसिटर शॉर्ट आहे. बीटीएलमध्ये चिपचं एक अंग गेलंय.

स्पीकर लावूनच मोजायचं कारण, रिकाम्या आउटपुटवर कपॅसिटरच्या गळतीने मीटर भलतंच काहीतरी दाखवतो.

स्पीकर ८ ओहम, १० वॅटचा घ्या. ४ ओहमचा लावला की ॲम्प्लिफायरमधून जवळपास दुप्पट प्रवाह जातो, आणि या बोर्डांवरच्या चिपांना बऱ्याचदा हीट सिंक म्हणून ॲल्युमिनियमचा लहानसा तुकडाच असतो. जुना हीट सिंक असेल तर स्क्रू काढून वाळलेली पेस्ट पुसा आणि नवीन लावा. चिप बदलल्यावर स्क्रू सैल राहिला, हेही 'चार दिवसांत पुन्हा गेली'चं कारण असतं.

टीव्हीवर किंवा रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा असेल

जॅमावरचा आवाज स्पीकर चालवण्याइतका मोठा आहे. साध्या जातीत पूर्ण आवाजाला सुमारे ३.५ व्होल्ट आरएमएस, बीटीएलमध्ये ७ पर्यंत. घरगुती ऑडिओ इनपुटला ०.३ व्होल्टच्या आसपास हवं असतं. पॉट अगदी कमी करून थेट जोडणारे आहेत, पण मग उपयोगी आवाज पॉटच्या पहिल्या मिलिमीटरमध्ये येतो आणि ॲम्प्लिफायरची स्वतःची सरसर त्याच्याइतकीच मोठी ऐकू येते. बरोबर पद्धत म्हणजे बोर्डवरचा पॉट मध्यावर आणि बाहेर घट, म्हणजे रोधांनी आवाजाची पातळी कमी करणं.

लागणारं सामान: १०० ओहम १ वॅटचा एक रोध, २.२ किलो-ओहम आणि २२० ओहम पाव वॅटचा प्रत्येकी एक, आणि ६०० ओहमला ६०० ओहमचा एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर जुन्या डायल-अप मोडेममध्ये सापडतो.

१०० ओहमचा रोध १० आणि एल यांच्यामध्ये. तो नसेल तर स्पीकर काढलेल्या बोर्डवर आउटपुट कपॅसिटरला भरायला वाट मिळत नाही आणि चालू करताना मोठा ठोका बसतो. मग १० पासून २.२ किलो-ओहम, त्याच्या दुसऱ्या टोकापासून २२० ओहम, आणि २२० चं दुसरं टोक एलला. २२० च्या दोन टोकांवर ट्रान्सफॉर्मरची एक बाजू. दुसऱ्या बाजूचं एक टोक आरसीएच्या मधल्या पिनला, दुसरं कड्याला. बोर्डच्या ग्राउंडवरून कड्याकडे एकही वायर जाता कामा नये. आवाज अकरा पटीने कमी होतो: ३.५ चे ०.३२ आणि ७ चे ०.६४.

घट ट्रान्सफॉर्मरच्या आधी, नंतर नाही. हे छोटे ट्रान्सफॉर्मर फोनच्या कामाचे असतात. त्यांच्यावर ७ व्होल्ट टाकले की गाभा भरून जातो आणि खालचे सूर फाटतात. ट्रान्सफॉर्मर एसएमपीएसपासून लांब ठेवा, आणि घरघर ऐकू आली तर त्याला नव्वद अंशात फिरवून बघा.

एल ग्राउंडला आहे हे मीटरने सिद्ध झालेल्या बोर्डला ट्रान्सफॉर्मरशिवाय नुसते रोधही चालतात. पण पेटी एक आणि बोर्ड बदलत राहणार असतील तर ट्रान्सफॉर्मर ठेवलेलाच बरा.

कॅपकॉमच्या सीपीएस-२ सारख्या क्यू-साउंडच्या बोर्डांवर आरसीएचे स्टिरिओ जॅक मूळचेच असतात. तिथे आवाज आधीच लाइन पातळीचा आहे, ही घट लावायची नाही. जेव्हीएस पद्धतीच्या (जॅमानंतर आलेल्या जोडणीच्या) नंतरच्या बोर्डांवर स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर नसतोच, बाहेरून लावावा लागतो. त्यासाठी पीएएम८४०३चं छोटं मॉड्यूल घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळा: त्याची हद्द ५.५ व्होल्ट आहे, १२ दिले की गेलं. आणि त्याची स्पीकरची दोन मायनस टोकं एकत्र जोडायची नाहीत, तेही ब्रिज जोडणीचंच आहे. त्याला खेळाच्या ५ व्होल्टवरून वीज दिली तर प्रोसेसरची किरकिर स्पीकरमध्ये येते. १२ व्होल्टवर चालणारा टीडीए७२९७चा बोर्ड या कामाला जास्त चांगला.

घरघर

आधी घरघर कुठून येते ते वेगळं काढा. टीव्हीचा ऑडिओ काढा आणि स्पीकर थेट १० व एल वर लावा. घरघर थांबली तर बोर्ड आणि पुरवठा निर्दोष, दोष टीव्हीच्या बाजूच्या ग्राउंड लूपमध्ये. टीव्हीला सेट-टॉप बॉक्सची केबल असेल तर तीही काढून बघा. केबलची जाळी इमारतीत कुठेतरी अर्थ झालेली असते आणि पेटीचा अर्थ वेगळा, दोन्हींमधला फरक ऑडिओच्या ग्राउंडमधून वाहतो. वर सांगितलेला ट्रान्सफॉर्मर ऑडिओची वाट तोडतो. अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका.

थेट स्पीकरवरही घरघर असेल तर आवाजाचा पॉट शून्यावर आणा. तरीही तेवढीच राहिली तर ती ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्यातून येतेय: १२ व्होल्टवर, कनेक्टरजवळ, पिन ६ आणि ग्राउंडमध्ये २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर लावून फरक पडतो का बघा. पॉटबरोबर कमी झाली तर ती पॉटच्या आधीच्या भागात शिरतेय, तिथे −५ व्होल्ट किंवा जुने कपॅसिटर संशयित. चित्र पांढरं होताना घरघर वाढत असेल तर व्हिडिओ आणि ऑडिओचं ग्राउंड एकाच बारीक वायरीतून जातंय. व्हिडिओचं ग्राउंड पिन १४ वरून स्वतंत्र घ्या.

पेटीला किंवा आरसीएच्या कड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ नसलेली बॉडी मीटरवर शंभर व्होल्टच्या आसपास एसी दाखवते. प्रवाह बारीक असतो, पण चालू पेटीत आरसीए पिन खुपसताना तोच प्रवाह टीव्हीच्या ऑडिओ इनपुटमधून जातो आणि इनपुट मरतं. तीन पिनी प्लग, खरा अर्थ, आणि ऑडिओच्या पिना घालताना-काढताना वीज बंद.

मोठ्या आवाजाला रिसेट

स्फोटाच्या क्षणी ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवरून एक-दोन अँपिअरचा झटका ओढतो. तो परत जातो ग्राउंडमधूनच, आणि ते ग्राउंड ५ व्होल्टच्या परतीचंही आहे. बारीक ग्राउंडवर तेवढ्यापुरते बोर्डचे ५ व्होल्ट दबतात. बऱ्याच बोर्डांवर ५ व्होल्टवर नजर ठेवणारी रिसेट चिप असते. टीएल७७०५ असेल तर ती ४.५५ च्या आसपास रिसेट देते. आधीच ४.७ वर चाललेल्या बोर्डला तिथवर पोचायला फारसं काही लागत नाही.

साधा मीटर हा झटका दाखवत नाही. त्यातला मिन-मॅक्स मोड वापरा आणि साउंड टेस्टमधला सर्वांत जोरदार आवाज वाजवा. उपाय: आठही ग्राउंड पिनांना वायर, दोन्ही टोकांच्या (१, २, ए, बी आणि २७, २८, लहान ई, लहान एफ) वायरी थेट एसएमपीएसच्या कॉमन टर्मिनलपर्यंत वेगवेगळ्या, मध्ये कुठेही जोड नाही. पेटीतले एलईडी, पंखा, मार्कीची (वरच्या नावाच्या फलकाची) पट्टी यांचं ग्राउंडही टर्मिनलवरूनच घ्या, हार्नेसमधून नाही.

−५ व्होल्ट

बहुतेक बोर्डांना लागत नाहीत, म्हणून लोक जोडत नाहीत. पण ऐंशीच्या दशकातल्या काही बोर्डांवर आवाजाच्या भागातल्या ऑप-ॲम्पला (बारीक सिग्नल वाढवणारी चिप) किंवा डॅकला (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) तेच लागतात. ते नसले की आवाज येत नाही, किंवा फाटका येतो. पिन ५ किंवा ई पासून बोर्डवर तांब्याची पट्टी पुढे जाताना दिसत असेल तर −५ द्या.

पुरवठ्यावर −१२ असतील (एटीएक्सची निळी वायर) तर ७९०५ लावा. त्याचे पाय ७८०५ सारखे नसतात: पहिला ग्राउंड, दुसरा इनपुट, तिसरा आउटपुट, आणि मागचा पत्रा इनपुटला म्हणजे −१२ ला जोडलेला. तो पत्रा पेटीला टेकला की शॉर्ट. दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावताना त्यांचं प्लस टोक ग्राउंडला येतं. −१२ नसतीलच तर आयसीएल७६६० आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, +५ वरून −५ मिळतात. ती चिप १२ व्होल्टला लावू नका, आणि तिच्याकडून काही मिलिअँपिअरच्या पुढे अपेक्षा ठेवू नका. २० मिलिअँपिअरला तिच्याकडे −४ व्होल्टही पुरते उरत नाहीत.

सगळं बरोबर असूनही आवाज नाही, तेव्हा बोर्डकडे

स्क्रू ड्रायव्हरच्या धातूच्या दांडीला बोट लावून त्याच्या टोकाने पॉटच्या मधल्या पायाला स्पर्श करा, फक्त त्याच पायाला. स्पीकरमध्ये गुरगुर आली तर पॉटपासून पुढचा ॲम्प्लिफायर जिवंत. नाही आली तर चिप किंवा तिच्या भोवतालचे कपॅसिटर.

आवाज आहे पण चिरका, खालचे सूर गायब: आउटपुट कपॅसिटर वाळलाय. ८ ओहमवर १००० मायक्रोफॅरड असताना आवाज २० हर्ट्झपर्यंत उतरतो. तोच कपॅसिटर वाळून १०० वर आला की २०० हर्ट्झच्या खालचं सगळं जातं. २५ व्होल्ट, १०५ अंशांचा नवीन लावा.

संगीत येतं पण बोलणं आणि ठोसे येत नाहीत, तर सॅम्पल वाजवणारी चिप, बऱ्याच बोर्डांवर ओकेआयची एमएसएम६२९५, किंवा तिची रॉम. उलट असेल, बोलणं आहे आणि संगीत नाही, तर यामाहाची वायएम२१५१ किंवा तिचा डॅक वायएम३०१२. त्यात डॅक आधी तपासा. नव्वदच्या दशकातल्या कोनामीच्या काही बोर्डांवर आवाजाचा छोटा उभा मॉड्यूल असतो, ०५४९८६ए. त्याच्यावरचे बारीक कपॅसिटर गळतात आणि आवाज हळूहळू कमी होत जातो. गळलेलं पाणी आम्लासारखं पट्ट्या खातं, म्हणून कपॅसिटर काढल्यावर जागा अल्कोहोलने धुऊन, पट्ट्यांची सलगता मोजून मगच नवीन बसवा.

ॲम्प्लिफायर चिप मेलेली आणि तिची जोड कुठेच मिळत नाही, अशी वेळ आली तर बोर्ड वाजवता येतो. मेलेली चिप काढून टाका, म्हणजे १२ व्होल्ट शॉर्ट होत राहणार नाहीत. पॉटच्या मधल्या पायापासून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस टोक पॉटकडे, पुढे १ किलो-ओहमचा रोध, आणि शिल्डवाल्या वायरीने बाहेरच्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटला. शिल्ड फक्त बोर्डच्या बाजूला, पॉटच्या ग्राउंड पायाला जोडा. बाहेरच्या ॲम्प्लिफायरला ग्राउंड त्याच्या १२ व्होल्टच्या वायरीतून मिळतंच. बाहेरचा ॲम्प्लिफायर वेगळ्या ॲडाप्टरवर असेल तर मात्र शिल्ड दोन्हीकडे जोडावी लागते, नाहीतर परतीची वाटच राहत नाही.